नराविना वाढणारा मावा

गुलाबाच्या कोवळ्या शेंड्यावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, पडला असेल तर भिंग घेऊन थोडा वेळ बघत बसा. एखादी मादी विताना हमखास दिसते. पिल्लू शेपटीकडून बाहेर येतं, क्षणभर आईला लटकतं, पाय मोकळे करतं आणि शेजारीच सोंड खुपसून रस प्यायला लागतं. त्या सगळ्या घोळक्यात बहुधा एकही नर नसतो.

नराविनाच पिल्लं होतात हे पक्कं सिद्ध केलं जिनिव्हाच्या शार्ल बॉने या विशीतल्या तरुणानं, १७४० साली. नुकतीच जन्मलेली एक मादी त्यानं काचेखाली फांदीवर एकटी ठेवली आणि दिवसचे दिवस तिच्यावरून नजर हलवली नाही. नराचं तोंडही न पाहता तिला ९५ पिल्लं झाली! यालाच अनिषेकजनन म्हणतात. अंडपेशीतली गुणसूत्रं इथे निम्मी होत नाहीत, म्हणून लेक ही आईची जनुकीय नक्कल असते. त्याहून थक्क करणारी गोष्ट म्हणजे ती जन्मते तेव्हाच तिच्या पोटात तिच्या लेकी वाढत असतात. एका देहात तीन पिढ्या!

मग नर हवेत कशाला? नर स्वतः पिल्लं देत नाहीत. म्हणजे फक्त लेकीच देणारा वंश दुप्पट वेगानं वाढायला हवा, हा ब्रिटिश उत्क्रांतीशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांचा हिशेब. तरीही बहुतेक प्राण्यांनी नर सोडलेले नाहीत. उत्क्रांतीशास्त्रातला इतका सुंदर प्रश्न मला दुसरा माहीत नाही. अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ हर्मन मुलर यांनी १९६४ मध्ये एक कारण मांडलं: नक्कल करत जाणाऱ्या वंशात घातक उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांत अचानक होणारे बदल, साचत जातात. जनुकांची सरमिसळच नसल्यानं ती गाळून टाकायची सोय उरत नाही.

मावा दोन्ही वाटा वापरतो. उबदार प्रदेशात त्याच्या कित्येक जाती वर्षभर नराविनाच राहतात. थंड प्रदेशात मात्र दिवस लहान होऊ लागले की नर जन्मू लागतात. मादीत लिंग ठरवणारी एक्स गुणसूत्रं दोन असतात. त्यातलं एक गाळलं की मुलगा. मग मीलन होतं आणि टणक अंडी हिवाळा काढतात. नराच्या ज्या शुक्रपेशींत एक्स नसतं त्या तयार होतानाच नष्ट होतात. त्यामुळे बाप असूनही वसंतात अंड्यांतून बाहेर पडतात त्या सगळ्या माद्याच.