वळणातील हाताळणी : मोटरसायकल आणि स्पोर्ट्स कार

वळणात शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत वाहन चालवणाऱ्याच्या मनाप्रमाणे किती नेमके वागते, याला त्या वाहनाची हाताळणी म्हणतात. मोटरसायकल आणि स्पोर्ट्स कार या दोन्ही वेगासाठी बांधलेल्या गाड्या, पण वळण्याची त्यांची रीत मुळातच वेगळी. मोटरसायकल वळणाच्या आत झुकते. कार बाहेरच्या अंगाला कलते आणि ते कलणे होईल तितके कमी राहावे अशी तिची सगळी बांधणी असते. ठाणे आणि नवी मुंबईत हा विषय शर्यतीपुरता नाही. उपवनवरून येऊरला चढणारा रस्ता, घोडबंदर रोडवरचा गायमुख घाट, पारसिकच्या डोंगराला बिलगून जाणारा मुंब्रा बायपास, वाशी ते बेलापूर पाम बीच रोड, या रस्त्यांवर दोन्ही तऱ्हेच्या गाड्या धावतात आणि ‘वळणात कोण पुढे’ हा वाद चहाच्या टपरीवर हमखास रंगतो. उत्तर सरळ आहे : रस्ता कोरडा, स्वच्छ आणि रुंद असेल तर कार. आपल्याकडे या तिन्ही गोष्टी एका वेळी क्वचित जुळून येतात.

सपाट रस्त्यावर वळणाऱ्या गाडीला आतल्या बाजूला ओढून धरणारे बल फक्त टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणातून मिळते. वेग दुप्पट झाला की ही गरज चौपट होते. मोटरसायकलची चाके एकामागे एक, त्यामुळे वळताना तोल राखायचा तर तिला झुकावेच लागते. किती झुकायचे हे वेग आणि वळणाची त्रिज्या ठरवतात. गाडी शंभर सीसीची की हजार सीसीची, स्वार एकटा की डबलसीट, याने जवळजवळ फरक पडत नाही. सपाट रस्त्यावर ३० मीटर त्रिज्येच्या वळणात ताशी ४० किमीला सुमारे २३ अंश, ५० किमीला ३३ अंश आणि ६० किमीला ४३ अंश झुकावे लागते. म्हणजे या टप्प्यात दर दहा किलोमीटरला दहा अंश. घाटात ‘जरासाच वेग वाढवला होता’ असे सांगितले जाते, तेव्हा तो जरासा म्हणजे नेमका किती, हे या आकड्यांत दिसते. ४५ अंशांना आतली ओढ गुरुत्वाकर्षणाइतकी, म्हणजे १ जी होते. मोटोजीपी या मोटरसायकलींच्या जागतिक शर्यतीतले स्वार ६० अंशांच्याही पुढे जातात, पण ते तापवलेल्या खास टायरवर आणि झाडून ठेवलेल्या ट्रॅकवर. रोजच्या बाइकचा फूटरेस्ट त्याच्या बराच आधी रस्त्याला घासू लागतो.

झुकवायचे कसे, इथे बहुतेकांची समजूत उलटी असते. वेगात असलेली मोटरसायकल डावीकडे न्यायची तर हँडलची डावी मूठ पुढे ढकलायची. पुढचे चाक क्षणभर उजवीकडे वळते, टायर गाडीच्या खालून उजवीकडे सरकतो आणि गाडी डावीकडे झुकते. याला उलटे स्टिअरिंग म्हणता येईल. सायकल चालवणारा प्रत्येक जण हे नकळत करतो, म्हणून ते कुणाच्या ध्यानात येत नाही. आरटीओच्या परीक्षेत दुचाकीवरून आठचा आकडा काढायला लावतात, तो चालण्याच्या वेगात; तिथे हँडल वळेल तिकडेच गाडी जाते. शिकाऊ माणसाच्या अंगात तेच मुरते. मग गायमुखला वळण अचानक आवळत गेले की घाबरलेला हात हँडल आत वळवू पाहतो, गाडी उभी होते आणि समोरच्या लेनमध्ये जाते. मूठ ढकलण्याची ही एक गोष्ट लायसन्स देताना शिकवायलाच हवी, असे प्रस्तुत लेखकाचे ठाम मत आहे.

कारचा हिशेब वजनाचा आहे. वळताना भार बाहेरच्या चाकांवर जातो. गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर उंच आणि डाव्या-उजव्या चाकांतले अंतर १.५५ मीटर असलेली कार ०.८ जीने वळत असेल, तर तिच्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग बाहेरच्या दोन चाकांवर असतो. टायरवर भार दुप्पट झाला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. म्हणून भार जितका कमी सरकेल तितकी एकूण पकड जास्त. स्पोर्ट्स कार बुटकी आणि पसरट असते ती याच कारणाने, नुसती दिसायला छान म्हणून नव्हे. अशी कार पकड संपल्यावर उलटत नाही, घसरते. मुंब्रा बायपासवरच्या भरलेल्या कंटेनर ट्रेलरचे बरोबर उलट आहे : गुरुत्वमध्य इतका उंच की टायर घसरायच्या आधी गाडीच कलंडू शकते.

घसरण्याचेही दोन प्रकार आहेत. पुढची चाके आधी सुटली तर स्टिअरिंग वळवूनही कार सरळ बाहेर जात राहते. याला अंडरस्टिअर म्हणतात. मागची सुटली तर शेपूट बाहेर येते, तो ओव्हरस्टिअर. इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असलेल्या पोर्शे ९११ च्या जुन्या गाड्या यासाठी प्रसिद्ध होत्या : भर वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय एकदम काढला की शेपूट फिरे. कारमध्ये मात्र दोन्ही वेळा चालकाला सावरायला थोडा अवधी मिळतो. मोटरसायकलचे पुढचे चाक सुटले की ती डोळ्याची पापणी लवायच्या आत आडवी होते.

ब्रेकचा प्रश्न दोघांनाही सारखा आहे. टायरची पकड वळणे आणि थांबणे यांत वाटली जाते, पण वाटणी साध्या वजाबाकीने होत नाही. एकूण पकड १०० धरली आणि त्यातली ८० वळण्यात खर्च झाली, तर ब्रेकसाठी २० नव्हे, ६० उरते. ६० आणि ८० च्या वर्गांची बेरीज १०० चा वर्ग होते, तोच हा त्रिकोण. वळणात ब्रेक लावलाच जात नाही ही समजूत म्हणून चुकीची. हळू आणि वाढत्या दाबाने तो लावता येतो. एकदम दाबला तर मात्र घात होतो.

शर्यतीच्या मैदानावर फरक उघडा पडतो. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ मध्ये सेबास्टियन फेटेलने फॉर्म्युला वनच्या पात्रता फेरीत १ मिनिट २४.१७८ सेकंदांचा लॅप मारला. त्याच सर्किटवर २०२३ च्या मोटोजीपीत सर्वांत वेगवान पात्रता लॅप सुमारे १ मिनिट ४४ सेकंदांचा होता, तोही किंचित आखूड केलेल्या मार्गावर. मोटोजीपीच्या बाइक सरळ पट्ट्यात ताशी ३५० किमी ओलांडू शकतात, म्हणजे सरळ धावण्यात त्या मागे नाहीत. वीस सेकंद जातात ते वळणांत आणि वळणांपूर्वीच्या ब्रेकिंगमध्ये. फॉर्म्युला वनच्या गाडीला पंखांमुळे हवा खाली दाबते, तो फायदा रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारला तितका नाही. पण चार रुंद टायर तिलाही आहेत. मोटरसायकलला तळहाताएवढे दोन ठसे. शिवाय आखूड व उंच असल्यामुळे साधारण १ जीच्या ब्रेकिंगला तिचे मागचे चाक उचलू लागते, टायरमध्ये पकड शिल्लक असली तरी. वळणातून बाहेर पडताना मात्र हलक्या वजनाच्या जोरावर ती गमावलेले थोडेफार भरून काढते.

ठाण्याच्या रस्त्यावर या सगळ्याला पावसाची कसोटी लागते. ३० मीटरच्या वळणात कोरड्या डांबरावर घर्षणांक, म्हणजे पकडीचे माप, ०.८ धरला तर कमाल वेग सुमारे ५५ किमी निघतो; ओल्या रस्त्यावर ०.४ ला ३९ आणि चिखलात ०.२ झाला तर जेमतेम २८. घोडबंदर रोडवर डंपरमधून सांडलेली कच, उड्डाणपुलांच्या जोडांवरच्या लोखंडी पट्ट्या, झेब्रा क्रॉसिंगचा गुळगुळीत पांढरा रंग, येऊरला झाडांखाली कुजलेली पाने : कारचे एक चाक यावरून गेले तर उरलेली तीन तिला धरून ठेवतात. मोटरसायकलचे पुढचे चाक गेले की तोल आणि दिशा दोन्ही एकदम जातात. पहिल्या सरीत रस्त्यावर मुरलेले तेल वर येते, तेव्हा तर सर्वांत जपावे. छोट्या चाकांच्या स्कूटरला, आणि शहरात त्या पुष्कळ आहेत, खड्ड्याचा धोका आणखी जास्त.

उपवन तलावाकाठी रविवारी सकाळी बाइक लागतात, तेव्हा पोरे उकिडवी बसून एकमेकांचे मागचे टायर बघतात. कडेला बोटभर पट्टी कोरी राहिली असेल, रबराचे बारीक केस अजून तसेच असतील, तर ‘झोपवत नाहीस रे’ म्हणून टोमणा पडतो. ती कोरी पट्टी म्हणजे न वापरलेली पकड आहे. अचानक कुत्रे आडवे आले किंवा वळण आवळले तर तीच कामाला येते. पावसाळ्यात ती कोरी राहणेच योग्य.

पाम बीच रोडचा फसवेपणा वेगळाच आहे. तिथली वळणे पसरट. ३०० मीटर त्रिज्येच्या वळणात ६० किमीला झुकाव जेमतेम पाच अंश, १२० किमीलाही वीसच्या आसपास. गाडीला काहीच कष्ट पडत नाहीत, म्हणून वेग कळत नाही. ब्रेक लावल्यापासून थांबायला लागणारे अंतर मात्र दुप्पट वेगाला चौपट झालेले असते.

इलेक्ट्रॉनिक मदत दोघांनाही आली आहे. भारतात एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. गाडी किती झुकली आहे हे मोजून ब्रेकचा दाब ठरवणारी प्रणाली बॉशने २०१३ मध्ये आणली आणि ती प्रथम केटीएमच्या ११९० ॲडव्हेंचरवर बसली. अजूनही ती महाग गाड्यांवरच भेटते. चाक लॉक होणे या यंत्रणा रोखतात, नसलेली पकड निर्माण करत नाहीत.

एका बाबतीत अरुंद रस्त्यावर मोटरसायकल कारला भारी पडते. लेनमध्ये वापरायला तिला जवळपास एक मीटर जास्त रुंदी मिळते. बाहेरून आत आणि पुन्हा बाहेर अशी रेषा धरली, तर ९० अंशांच्या वळणात त्या एका मीटरने मार्गाची त्रिज्या सुमारे तीन मीटरने वाढते आणि तेवढे कमी झुकावे लागते. पण हा फायदा उजव्या वळणात पुरता घेता येत नाही. तीस अंश झुकलेल्या स्वाराचे डोके टायरच्या रेषेपासून पाऊण मीटर आत असते. येऊरच्या चढाला दुभाजक नाही. टायर आपल्या लेनमध्ये असला तरी हेल्मेट समोरून उतरणाऱ्या गाडीच्या आरशाच्या वाटेत येते. म्हणून तिथे उजव्या वळणात चाक मधल्या रेषेपासून निदान एक मीटर डावीकडे ठेवावे लागते.