हा जीनोम एका पेशीचा की गर्दीचा?

‘प्रयोगशाळेत न वाढणाऱ्या जिवाणूचा जीनोम मिळाला’ असं कुठे वाचलं की मी आधी एवढंच बघतो: तो जीनोम (जिवाणूचा सगळा डीएनए) एका पेशीतून काढलाय की मेटाजीनोममधून, म्हणजे अनेकांच्या मिसळलेल्या डीएनएतून, जुळवलाय? संगणकावर दोन्हींच्या फाइली सारख्याच दिसतात, म्हणूनच गफलत होते.

मेटाजीनोमिक्समध्ये समुद्राचं पाणी गाळायचं, गाळणीवरच्या असंख्य पेशी एकदम फोडायच्या आणि सगळ्यांचा डीएनए एकत्र वाचायचा. शंभर जणांच्या पत्रिका फाडून एका पोत्यात भराव्यात आणि मग शाई, अक्षर पाहून तुकडे लावत बसावं, तसं. शाई-अक्षराच्या जागी इथे बेसांचं (डीएनएच्या रासायनिक अक्षरांचं) प्रमाण आणि तुकडा किती वेळा वाचला गेला हे बघतात. जुळलेला जीनोम पुष्कळदा चांगला भरलेला असतो, पण तो जवळच्या नातलगांची सरासरी असतो. नेमका तसा जिवाणू त्या पाण्यात असेलच असं नाही.

एकल-पेशी पद्धतीत (‘एकपेशीय’ वेगळं; तसे सगळेच जिवाणू एकपेशीय) आधी फ्लो सायटोमीटरने (पेशी एकेक करून वेगळ्या काढणाऱ्या यंत्राने) एकेक पेशी एकेका खळग्यात टाकतात, मग ती फोडतात. पण एका पेशीतला डीएनए भरतो जेमतेम काही फेम्टोग्रॅम (एक फेम्टोग्रॅम म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग). ई. कोलाय या जिवाणूच्या 46 लाख बेस-जोड्यांचीही तीच गत. म्हणून फाय-29 या विषाणूच्या पॉलिमरेजने (डीएनएच्या प्रती काढणाऱ्या विकराने) त्याच्या भरमसाट प्रती काढतात. त्या सगळीकडे सारख्या निघत नाहीत. काही भाग उदंड, काही गायब. रसायनात चुकून राहिलेला परका डीएनएही सोबत फुगतो.

एवढी खटपट का, हे बर्म्युडाजवळच्या प्रोक्लोरोकॉकस या समुद्री जिवाणूवरून कळतं. 2014 मध्ये एमआयटीच्या सॅली चिझम यांच्या गटाने तिथल्या एकेका पेशीचा जीनोम पाहिला, तर एकाच पाण्यात शेकडो उपगट निघाले, लाखो वर्षांपूर्वीच वेगळे झालेले. सरासरीत ते विरघळले असते. प्लाझ्मिडचंही (मुख्य डीएनएपासून वेगळ्या राहणाऱ्या छोट्या डीएनए-कड्याचंही) तसंच: बेसांचं प्रमाण आणि प्रतींची संख्या वेगळी असल्याने पोत्यातून तो कुणाचा ते सांगणं अवघड, पेशीत मात्र तो मालकासकट सापडतो.

तलावात कोण कोण आहे, एवढंच हवं असेल तर मी मेटाजीनोमच करीन, स्वस्त आणि पुरेसा. पण एकल-पेशी जीनोम 40 टक्केच भरला असेल, तर ‘या जिवाणूत अमुक जनुक नाही’ असं त्यावरून म्हणू नये. ते जनुक उरलेल्या 60 टक्क्यांत असू शकतं.