छप्पर, सातबारा आणि सुपारी : वादळानंतरच्या मदतीची पार्श्वभूमी

कोकणातल्या वादळग्रस्त गावाला ठाणे-नवी मुंबईतून दोन वाटांनी मदत जाते. एक वाट सरकारी. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंतचे जिल्हे ज्या कोकण विभागात येतात, त्याच्या आयुक्तांचे कार्यालय सीबीडी बेलापूरच्या कोकण भवनात आहे. नुकसानीचे आकडे तिथे येतात आणि निधीचे वाटप तिथून खाली सरकते. दुसरी वाट घरची. कळवा, दिवा, ऐरोली, घणसोली इथे श्रीवर्धन-म्हसळ्यापासून दापोली-मंडणगडपर्यंतची माणसे राहतात आणि बहुतेक गावांचे एखादे मंडळ इथे असतेच. गणपतीची वर्गणी गोळा करणारी यादी वादळानंतर मदतीची यादी होते.

सरकारी वाट आधी कर्जाची होती. १८८४च्या कायद्याने शेतकऱ्याला तगाई मिळे, म्हणजे बियाणे-बैलांसाठी उचल, जी पुढे फेडायची असे. फुकट मदत द्यायची ती दुष्काळात, आणि तीही बहुतेक काम करवून घेऊन. नोव्हेंबर १९४८मध्ये मुंबईवर मोठे चक्रीवादळ येऊन गेले, तेव्हाही ठरलेले असे दरपत्रक नव्हते. १९९०पासून राज्यांकडे आपत्तीसाठी कायमचा निधी ठेवण्याची पद्धत सुरू झाली. किल्लारीचा भूकंप (१९९३), ओडिशाचे महाचक्रीवादळ (१९९९) आणि भूजचा भूकंप (२००१) यांच्यानंतर २००५चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आला आणि जिल्हाधिकारी जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष झाले. आज घराला किती, हेक्टरला किती हे केंद्राच्या निकषांत लिहिलेले असते. राज्य त्यावर स्वतःची भर घालू शकते.

हे निकष साऱ्या देशासाठी एक आहेत. कोकणाची अडचण मात्र वेळेची आहे. ओडिशा-आंध्राला मोठी वादळे बहुधा ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाठतात. मागे कोरडे महिने असतात. कोकणातही ११ नोव्हेंबर २००९चे फयान वादळ तसेच होते. तेव्हा कापून ठेवलेले भात भिजले, होड्या गेल्या, पण घर बांधून घ्यायला पुढे सहा महिने होते. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० रोजी श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढले. वारा ताशी ११० ते १२० किलोमीटर, झोत १३०पर्यंत. तौक्ते १७ मे २०२१ रोजी किनाऱ्याला समांतर वर सरकत गुजरातेत उतरले. दोन्ही वेळा पावसाळा दाराशी होता. म्हणून इथे मदतीचा क्रम छप्परच ठरवते. धान्य आठवडाभर उशिरा पोचले तर शेजार सांभाळून घेतो. छप्पर आठवडाभर उशिरा झाले तर मातीची भिंत खचते, साठवलेले भात कुजते आणि नुकसान दुप्पट होते.

निसर्गनंतर पत्रे आणि कौले मिळेनाशी झाली होती. त्यातून मंडळे एक गोष्ट शिकली, ती लिहून ठेवण्यासारखी आहे. मंगलोरी कौलांचा साचा कारखान्यागणिक थोडा वेगळा असतो. जुन्या छपरात मधेमधे नवी कौले बसवली तर खाचा जुळत नाहीत आणि पाणी नेमके तिथूनच झिरपते. त्यासाठी शाबूत राहिलेली सगळी जुनी कौले उतरवून एकाच पाख्यावर, म्हणजे छपराच्या एकाच उतारावर, लावायची आणि नवी कौले किंवा पत्रे दुसऱ्या पाख्यावर. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौले लागतात, एक कौल दोन-अडीच किलोचे. टेम्पो भरण्याआधी हा गुणाकार केला नाही तर घाटात अडकायची वेळ येते.

पत्रा उडतो तो वाऱ्याच्या ढकलण्यापेक्षा ओढण्याने. छपरावरून वारा वेगाने गेला की वरचा दाब कमी होतो, आणि दार-खिडकी फुटून वारा आत घुसला की खालून दाब चढतो. सर्वांत जास्त ओढ कडांना, आढ्याला आणि कोपऱ्यांना बसते. तिथे हूक मधल्या भागाच्या दुप्पट हवेत. हूक किंवा स्क्रू पत्र्याच्या उंचवट्यावर मारायचा, खाली वॉशर घालून. खोलगट भागात मारला की पहिल्याच पावसात गळतो. वळचण भिंतीपुढे दीड फुटाहून जास्त काढू नये, पावसासाठी ती बरी वाटली तरी वाऱ्याला ती हातात दिलेली मूठ असते. आणि पत्रा वाशाला घट्ट असून वासा भिंतीला नुसता टेकवलेला असेल, तर अख्खे छप्परच उचलले जाते. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये, आडवी फळी टाकून चढावे. वादळातून बचावलेली माणसे दुरुस्ती करताना पत्रा फुटून पडतात, हे दर वेळी घडते. जुने पत्रे ॲस्बेस्टॉसचे असतात. कापायचेच तर भिजवून, कोरडे कधीच नाही.

तोवर ताडपत्री. चार बाय सहा मीटरची, किमान २०० जीएसएमची (चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाची), घरटी दोन. ती काठावरच्या छिद्रांत, म्हणजे डोळ्यांत, दोरी ओवून ताणली की वारा डोळेच फाडतो. कड लाकडी रिपेला दोन वेढे गुंडाळून रीप वाशाला ठोकायची आणि मधे झोळ ठेवायचा नाही.

आता पैसा. निसर्गनंतर राज्याने दर वाढवले: पूर्ण पडलेल्या घराला ९५,१०० ऐवजी दीड लाख, अंशतः पडझडीला १५,०००, फळबागेला हेक्टरी १८,००० ऐवजी ५०,००० रुपये. कागदावर ही वाढ मोठी दिसते. पण श्रीवर्धनची वाडी, म्हणजे नारळ-सुपारीची बाग, हेक्टरात मोजत नाहीत, गुंठ्यात मोजतात. हेक्टरी ५०,००० म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. सुपारी २.७ मीटर अंतरावर लावतात, म्हणजे गुंठ्यात तेरा-चौदा झाडे. झाडामागे चाळीस रुपयेसुद्धा पडत नाहीत. ओरड झाल्यावर शासनाने झाडावर हिशेब केला, नारळाला २५० आणि सुपारीला ५० रुपये. नव्या सुपारीला फळ धरायला पाच ते सात वर्षे लागतात. झाडांवर चढवलेली मिरी आणि सावलीतले जायफळ गेले, त्याचा हिशेब वेगळाच.

हे पैसेही सगळ्यांना वेळेत मिळत नाहीत, आणि त्याचे कारण बऱ्याचदा ठाणे-नवी मुंबईतच बसलेले असते. वाडीच्या सातबाऱ्यावर आजोबांपासूनची पंधरा-वीस नावे, खाते सामायिक. गावात कसणारा एक, बाकीचे कोपरखैरण्यापासून डोंबिवलीपर्यंत पसरलेले. एकाच्या खात्यात रक्कम जमा करायला बाकीच्यांचे संमतीपत्र लागते. जून २०२०मध्ये तर टाळेबंदीमुळे जिल्हा ओलांडायला ई-पास लागत होता, सह्या गोळा करणे दूरच. मंडळाने करण्याजोगे सर्वांत स्वस्त काम हेच आहे: वादळाआधीच, एप्रिलात, घरोघरच्या सामायिक खातेदारांची यादी, संमतीपत्रे, पासबुकाची प्रत आणि घराचा नमुना ८ (ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा) एका फायलीत लावून ठेवणे. पंचनाम्याला तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक येतात तेव्हा वाट मोकळी करण्यासाठी झाडे तोडून झालेली असतात. म्हणून करवत लावण्याआधी प्रत्येक झाडाचा फोटो, बुंध्यासकट आणि मागे घर किंवा विहीर ओळखू येईल असा.

पडलेली झाडे हटवणे ही नुसती साफसफाई नाही. नारळ-सुपारीला वाढीचा कोंब एकच, शेंडा मोडला की झाड गेले. कुजणाऱ्या खोडांत आणि शेणखताच्या ढिगात गेंड्या भुंगा वाढतो, जखमी माडांच्या वासावर सोंड्या भुंगा येतो. वादळातून वाचलेले माड हे दोघे पुढच्या वर्षी खातात. खोडे चिरून फळ्या-वासे करावेत, उरलेले पावसाळ्यातच हलवावे. आंब्याचे मात्र वेगळे आहे. अर्धी मुळे जमिनीत असतील तर चार-पाच दिवसांत फांद्या छाटून झाड उभे करता येते, मातीची भर आणि टेकू देऊन. छाटलेल्या जागी बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशी रोखणारा लेप: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १० लिटर पाणी. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे, लोखंडाचे नाही.

विजेचे खांब पडल्यावर श्रीवर्धन-म्हसळ्याच्या काही भागांत आठवडेच्या आठवडे अंधार होता. शहरातून जनरेटर पाठवणारे खूप. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घर एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकालाच जोडणारा स्विच, पाठवणारे थोडे. स्विचशिवाय जनरेटर घरच्या वायरिंगला जोडला की वीज उलटी लाइनवर जाते, ट्रान्सफॉर्मरमधून चढून ११,००० व्होल्ट होते, आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जातो. विहिरीचे गणित त्यापेक्षा सोपे: तीन मीटर व्यास आणि चार मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर, त्याला चांगल्या ब्लीचिंग पावडरची ७० ग्रॅम. बादलीत कालवून निवळी सोडायची, खालचा गाळ विहिरीत टाकायचा नाही.

जुलै २०२१च्या महापुरानंतर ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांची पथके महाड-चिपळूणला चिखल उपसायला गेली. जेटिंग गाड्या (पाण्याच्या जोरदार माऱ्याने गटारे साफ करणाऱ्या), पंप, फवारणी. वाडीत असली यंत्रे उपयोगाची नाहीत. तिथे पैसा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी लागतो, जेव्हा मदतीच्या गाड्या यायच्या थांबलेल्या असतात. सुपारीची वर्ष-दीड वर्षाची रोपे पावसाळ्यात लागली की पुढच्या कोरड्या महिन्यांत नैर्ऋत्येच्या उन्हाने खोड भाजते, म्हणून त्या बाजूला केळी लावाव्या लागतात. ती केळी, पाण्याची पाइपलाइन आणि मेपर्यंतचे पंपाचे बिल, एवढा खर्च मंडळाच्या वर्गणीत बसतो.