प्लेग, पलटण आणि चार कलमांचा कायदा

साथरोग प्रतिबंधक कायदा, १८९७ हा मुळात एका पानात मावणारा कायदा. कलमं फक्त चार. पहिल्यात नाव आणि व्याप्ती. दुसऱ्यात असं की, धोकादायक साथ आली आणि नेहमीचे कायदे पुरेसे नाहीत असं सरकारला वाटलं, तर सरकारनं हवे ते नियम करावेत, प्रवाशांना तपासावं, संशयितांना इस्पितळात किंवा आणखी कुठे वेगळं ठेवावं. जो ऐकणार नाही त्याला तिसऱ्या कलमानुसार तेव्हाच्या दंड संहितेच्या १८८व्या कलमाखाली शिक्षा. आणि चौथं कलम सांगतं की या कायद्याखाली सद्‌भावनेनं काही करणाऱ्यावर कुणाला दावा लावता येणार नाही. झाला कायदा. ‘धोकादायक साथ’ कशाला म्हणायचं हे त्यात नाही. ज्याला घरातून उचलून नेलं त्याचा सरकारवर काय हक्क, यावर तर एक अवाक्षर नाही.

पुण्यात २००९ साली स्वाइन फ्लू आला तेव्हा हाच कायदा लागू झाला, आणि मार्च २०२० मध्ये कोरोना आला तेव्हाही महाराष्ट्रानं हाच हाताशी घेतला. तो जन्मला तो मुंबईच्या मांडवीत आलेल्या तापामुळे, आणि पहिल्यांदा त्याचे चटके बसले ते पुण्याला. म्हणून त्याची हकिकत नीट माहीत असायला हवी, असं मला वाटतं.

प्लेगची ही साथ चीनच्या युनान प्रांतातून निघाली आणि १८९४ मध्ये कँटन आणि हाँगकाँगला पोचली. हाँगकाँगमध्येच त्या वर्षी येर्सां आणि किटासाटो यांनी प्लेगचा जंतू ओळखला. तिथल्या इंग्रज सरकारनं काय केलं, हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात ठेवण्याजोगं आहे: गोऱ्या शिपायांच्या तुकड्या चिनी वस्तीत घरोघर पाठवल्या, रोगी बाहेर काढले, सामान जाळलं, भिंतींना चुना फासला. चिनी लोकांनी त्याला कडाडून विरोध केला, हजारो माणसं शहर सोडून गेली. सरकारच्या दप्तरात मात्र उपाय म्हणून नोंद राहिली ती झडतीची.

हाँगकाँग-मुंबई जहाजांची ये-जा तर रोजचीच. मांडवी म्हणजे गोदीलगतची धान्याची पेठ, गोदामं आणि चाळी एकमेकांना खेटून. १८९६च्या पावसाळ्याच्या अखेरीला तिथे माणसं तापानं फणफणून मरायला लागली, जांघेत आणि काखेत गाठी येऊन. गोदामांत उंदीर मरून पडत होते, तेही लोकांनी पाहिलं होतं. त्या भागात दवाखाना चालवणारे डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगश हे मूळचे गोव्याच्या हडफड्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकलेले आणि महापालिकेचे सभासद. सप्टेंबर १८९६ मध्ये त्यांनी स्थायी समितीपुढे स्पष्ट सांगितलं, हा प्लेग आहे. ते ऐकायला कुणाला आवडणार? एवढं मोठं बंदर, कापसाचा एवढा व्यापार. तज्ज्ञ बोलावून खात्री करून घेण्यात आली, आणि व्हिएगश बरोबर ठरले. मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. त्या चौकातून येणाऱ्या-जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना तो कुणाचा हे ठाऊक असतं, याचं मला वाईट वाटतं.

६ ऑक्टोबरला पालिका आयुक्त स्नो यांनी फर्मान काढलं की रोग्यांना सक्तीनं वेगळं करायचं आणि लागलं तर बळानं इस्पितळात न्यायचं. आर्थर रोडचं साथीचं इस्पितळ हे गिरणगावाच्या अगदी कुशीत. तिथे गेलेला माणूस परत येत नाही, ही बोलवा पसरायला वेळ लागला नाही. आणि ती नुसती अफवा तरी कशी म्हणायची? बहुतेक रोगी तिथे पोचत ते शेवटच्या घटकेला. ऑक्टोबर संपता संपता हजारभर गिरणी कामगार त्या इस्पितळावर चालून गेले. स्नो यांनी दुसऱ्याच दिवशी हुकूम सौम्य केला. त्यांना भीती होती ती हलालखोरांची. मैला वाहणारे, गटारं उपसणारे हे लोक घाबरून शहर सोडून गेले, तर मुंबई राहण्याजोगी उरणार नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. ज्यांना सावलीतही उभं करायचे नाहीत, त्यांच्या पाठ फिरवण्याच्या नुसत्या शक्यतेनं आयुक्ताला आपला हुकूम फिरवावा लागला.

तरी लोक गेलेच. १८९१च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती आठ लाखांवर होती. १८९७चा फेब्रुवारी उजाडेपर्यंत त्यातले जवळजवळ निम्मे बाहेर पडले होते. कोकणात, घाटावर, गुजरातेत, जिथे ज्याचं घर तिथे. उरलेल्या चाळींच्या दारांवर पालिकेनं मोठाली इंग्रजी अक्षरं रंगवली, यू. एच. एच. म्हणजे माणसांनी राहण्यास अयोग्य. वांद्र्याला ईस्ट इंडियन म्हणजे मुंबईच्या मूळच्या ख्रिस्ती मंडळींनी गावठाणांच्या वाटांवर क्रूस उभारून प्लेगपासून राखण मागितली, त्यातले काही आजही जागेवर आहेत.

आता सरकारला खरी घाई कशाची होती? युरोपातल्या बंदरांची. हिंदुस्थानातून येणारी जहाजं अडवण्याची भाषा तिथे सुरू झाली होती, आणि याच प्रश्नावर फेब्रुवारी १८९७ मध्ये व्हेनिसला आंतरराष्ट्रीय परिषद भरायची होती. आम्ही कडक उपाय करतोय हे दाखवणं भाग होतं. त्याच महिन्यात मुंबईहून निघणाऱ्या हज यात्रेला बंदी झाली, आणि कलकत्त्याला व्हाइसरॉयच्या कौन्सिलात जॉन वुडबर्न यांनी हा चार कलमांचा मसुदा मांडून आठवडाभरात मंजूरही करून घेतला. तारीख ४ फेब्रुवारी १८९७. अधिकार असाधारण आहेत हे त्यांनी स्वतः कबूल केलं. लोकांनी सरकारी अंमलदारांच्या विवेकावर विश्वास ठेवावा, एवढंच त्यांचं सांगणं होतं.

हा विवेक पुण्यात कसा वागला ते आता पाहायचं आहे.

पुण्यात गाठीचा ताप मुंबईच्या रेल्वेनंच आला. गव्हर्नर सँडहर्स्ट यांनी प्लेग कमिटी नेमली. अध्यक्ष साताऱ्याहून आणलेले वॉल्टर चार्ल्स रँड, सोबत कर्नल फिलिप्स आणि हाँगकाँगच्या साथीत काम केलेले सर्जन-कॅप्टन बेव्हरिज. हाँगकाँगची झडती पुण्यात आली ती अशी. १३ मार्च १८९७ पासून १९ मेपर्यंत सुमारे नऊशे अधिकारी आणि शिपाई शहर धुंडाळत होते.

पेठेतल्या एका वाड्याचं दार डोळ्यांपुढे आणा. सकाळची वेळ. बुटांचा आवाज आणि पाठोपाठ दारावर धक्के. दिंडीदरवाजा उघडला नाही तर कुलूप तोडायचे. बूट तसेच घालून शिपाई सोप्यावर, माजघरात, देवघरात. रोगी लपवला असेल म्हणून कणग्या, पलंगाखालची जागा, बाळंतिणीची खोली, सगळं पाहायचं. गाठ जांघेत किंवा काखेत असते, म्हणून बायकांनाही उजेडात आणून तपासायचं. सोवळ्यातल्या, पडद्यातल्या, परपुरुषासमोर कधी न आलेल्या बायका गल्लीत उभ्या. रोगी सापडला तर तो इस्पितळात आणि घरची माणसं स्वारगेटच्या सेग्रेगेशन कँपात. मागे घरातलं अंथरूण-पांघरूण जाळायचं, जमीन उकरायची, भिंतींना चुना. कँपातून दहा-बारा दिवसांनी परत यावं, तर घरात काय उरलेलं असेल याचा भरवसा नाही. ‘सेग्रेगेशन’ हा शब्द तेव्हा इंग्रजी न येणाऱ्या म्हाताऱ्यांच्याही तोंडी बसला होता. माझी आजी प्लेगला ‘पलेग’ म्हणायची आणि हा शब्द मात्र जवळजवळ शुद्ध उच्चारायची.

रोग्यांना वेगळं करायला सुजाण लोकांचा विरोध नव्हता, हे सांगणं फार गरजेचं आहे, कारण नंतर सगळंच ‘अडाणी लोकांचा विरोध’ म्हणून खपवलं गेलं. टिळक पुणं सोडून गेले नाहीत. त्यांनी हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ उभं करायला हातभार लावला आणि जे पुढारी पळाले त्यांना ‘केसरी’तून सुनावलं. तिकडे हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर डॉ. यशवंत फुले यांचा दवाखाना सुरू झाला होता. सावित्रीबाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातून पांडुरंग बाबाजी गायकवाड यांचा आजारी मुलगा पाठीवर घेऊन तिथे आणला. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ला त्या गेल्या. पुण्यात पलटण उतरायला तेव्हा तीन दिवस बाकी होते. रोग्याला घराबाहेर काढायचं दोघांनाही होतं. एकीकडे पाठ होती, दुसरीकडे बंदूक.

बरं, शिपायानं चोरी केली, बाईचा अपमान केला, तर दाद मागायची कुठे? कायद्यानं हे दार बंदच ठेवलं होतं, आणि मला या साऱ्या प्रकरणाचं मूळ तिथेच दिसतं. सरदार नातूंनी तक्रारी केल्या. पंडिता रमाबाईंनी मे महिन्यात ‘बाँबे गार्डियन’ला पत्र लिहून प्लेगच्या इस्पितळात तरुण मुलींचं काय होतं ते चव्हाट्यावर मांडलं. गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी तिथल्या वर्तमानपत्राला शिपायांच्या अत्याचारांची माहिती दिली. सरकारनं पुरावा मागितला. पण तोवर २२ जूनची रात्र उलटून गेली होती. व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाचा मेजवानी-समारंभ आटोपून रँड गणेशखिंडीच्या रस्त्यानं परतत असताना दामोदर चापेकरांनी त्यांच्यावर गोळी झाडली, आणि मागच्या गाडीतल्या लेफ्टनंट आयर्स्ट यांना बाळकृष्ण चापेकरांनी टिपलं. आयर्स्ट जागीच गेले, रँड ३ जुलैला. त्यानंतर पुण्यात कुणाची छाती होती की पुढे येऊन म्हणेल, होय, माझ्या घरात हे घडलं? पत्रं लिहिणारे गप्प झाले आणि गोखल्यांना परतल्यावर जाहीर माफी मागावी लागली. नातू बंधूंना १८२७च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली, खटला न चालवता, अटकेत टाकलं. टिळकांना राजद्रोहासाठी अठरा महिने. चापेकर बंधू तिघेही आणि महादेव रानडे पुढच्या दोन वर्षांत येरवड्यात फासावर गेले. ज्यांनी ज्यांनी तोंड उघडलं त्यांचं काय झालं, ते हे असं.

पलटणीच्या झडतीनं प्लेग गेला का? नाही. पावसाळ्यानंतर तो पुन्हा आला आणि त्यापुढे कित्येक वर्षं येतच राहिला. १९०३ मध्ये टिळकांचा थोरला मुलगा विश्वनाथ त्याच रोगानं गेला. सरकारचा मार्गच चुकीच्या समजुतीवर उभा होता. रोग माणसाकडून माणसाला, घाणीतून, कोंदट हवेतून लागतो असं धरून सगळा बंदोबस्त चालला होता. १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवून दिलं की उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग नेते. पण सरकारच्या प्लेग कमिशननं ते मानलं नाही, आणि ते सर्वमान्य व्हायला पुढची सात-आठ वर्षं गेली. तोवर गटारं धुतली जात होती आणि घराबाहेर पळालेले उंदीर शेजारच्या घरात जात होते.

खेड्यापाड्यांत मात्र लोक आपल्या डोळ्यांनी शिकले. उंदीर पडला की गाव सोडायचं. माळावर झोपड्या घालायच्या, गुरंढोरं तिथेच, आणि महिना-दोन महिने गावात पाऊल टाकायचं नाही. पिसवांचं शास्त्र कुणाला ठाऊक नव्हतं, पण पिसवांपासून दूर जायचं कसं ते बरोबर सापडलं होतं.

सरकारही हळूहळू वाकलं. मुंबईत ९ मार्च १८९८ला मदनपुऱ्याच्या जुलाह्यांच्या, म्हणजे विणकरांच्या, वस्तीत एका आजारी मुलीला तपासण्यावरून दंगल उसळली, गोळीबार झाला, माणसं मेली. त्यानंतर सक्ती सैल होत गेली. जातीजमातींना आपापली इस्पितळं काढू दिली. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका खोलीत तयार केलेली लस १० जानेवारी १८९७ला आधी स्वतःला टोचून घेतली होती. ती आता ज्याच्या त्याच्या मर्जीवर देण्यात येऊ लागली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच प्रयोगशाळेतून वाढली. १८९८च्या अखेरीस सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला. त्यानं दाट वस्त्या फोडून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट काढले आणि दादर-माटुंगा वसवलं. ज्यांच्या चाळी पडल्या, त्यांतल्या फार थोड्यांना दादरची ती हवेशीर घरं मिळाली.

या साथीनं देशात कोटीहून अधिक माणसं नेली. त्यांतली निम्म्याहून जास्त कायदा झाल्यावर पुष्कळ वर्षांनी, पंजाबात आणि उत्तरेत.

कायदा तसाच राहिला. इंग्रज गेले, दंड संहितेत बदल झाले, त्याची चार कलमं जागची हलली नाहीत. २०२० मध्ये त्याला मोठी दुरुस्ती झाली. डॉक्टर, परिचारिका, आशाताई यांच्यावर हात उचलणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद ठरली, आणि ती हवीच होती. वस्त्यांमध्ये तपासणीला गेलेल्यांवर दगड पडले होते. हिंसा म्हणजे काय याची व्याख्या त्या दुरुस्तीत तपशीलवार दिली आहे. धोकादायक साथ म्हणजे काय याची अजून नाही. आणि सद्‌भावनेनं वागणाऱ्या अंमलदारावर दावा चालणार नाही असं सांगणारं चौथं कलम वुडबर्न यांनी मांडलं होतं तसंच आहे.