विवाह, विवाहशून्यता आणि विवाहनोंदणी (बडोदा)

लग्न कायद्याने कशामुळे पक्के होते, ते मुळात झालेच नव्हते असे न्यायालय केव्हा म्हणते आणि सरकारी दप्तरातील नोंदीला त्यात किती वजन असते, या तीन प्रश्नांची उत्तरे तीन ठिकाणी सापडतात. बडोद्यातील मराठी घरांत मात्र ती सर्रास एकत्र केली जातात. ‘सर्टिफिकेट मिळाले म्हणजे लग्न झाले’ हा समज दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत जितका आढळतो तितकाच नव्या सोसायट्यांतही, आणि त्यातून खरे नुकसान होते.

या शहराला विवाहविषयक कायद्यांचा स्वतःचा इतिहास आहे. तिसरे सयाजीराव गायकवाड यांच्या राज्यात १९०४ साली बालविवाहाला बंदी झाली. मुलीचे किमान वय १२ आणि मुलाचे १६ ठरले. ब्रिटिश हिंदुस्थानात बालविवाहाला आळा घालणारा सारडा कायदा त्यानंतर २५ वर्षांनी, १९२९ मध्ये आला. दंड भरून लग्न उरकणारे पुष्कळ निघाले, तरी वयाचा प्रश्न राज्याच्या अखत्यारीत आला ही गोष्ट मोठी होती. १९३१ मध्ये बडोद्याने हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. अनेक जातींत काडीमोड आणि पाट (स्त्रीचे दुसरे लग्न) आधीपासून चालत होते, पण ब्राह्मणादी जातींतल्या स्त्रीला नांदणे असह्य झाले तरी सुटकेचा मार्ग नव्हता, तो या कायद्याने दिला. शेजारच्या मुंबई प्रांतात असा कायदा व्हायला १९४७ साल उजाडले. १ मे १९४९ रोजी बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले आणि संस्थानी कायद्यांचा काळ संपला.

आज हिंदूंना हिंदू विवाह अधिनियम, १९५५ लागू आहे. (अनुसूचित जमातींना तो केंद्र सरकारच्या अधिसूचनेशिवाय लागू होत नाही, छोटा उदेपूरकडील आदिवासी कुटुंबांचे विवाह म्हणून रूढीनेच तोलले जातात.) कलम ७ प्रमाणे वर किंवा वधू यांपैकी एका पक्षाच्या रूढीचे विधी व्हावे लागतात, आणि सप्तपदी हा त्या रूढीचा भाग असेल तर सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो. मंगलाष्टके झाली, अक्षता पडल्या, पण घाईत सप्तपदी राहिली, तर पुढे वादात हाच मुद्दा निघू शकतो. गुरुजींना घाई करणाऱ्या यजमानांनी हे ध्यानात ठेवावे.

नोंदणी त्यानंतर येते. मुंबई राज्याचा १९५३ चा नोंदणी कायदा गुजरातेतही लागू होता. फेब्रुवारी २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व विवाहांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश राज्यांना दिले आणि त्याच वर्षी गुजरातने नवा कायदा केला. बडोदा शहरात हे काम महानगरपालिकेकडे आहे. वधू-वर, साक्षीदार आणि लग्न लावणारे गुरुजी यांच्या सह्यांचे निवेदन द्यायचे असते. लग्नपत्रिका, फोटो, वयाचे व राहण्याचे दाखले आधीच गोळा करून ठेवलेले बरे. नोंद राहिली म्हणून विधिवत झालेले लग्न बाद होत नाही, हे १९५५ च्या कायद्यातच लिहिले आहे. उलट बाजूही तितकीच खरी आहे. व्हिसासाठी आधी नोंदणी करून विधी नंतर करण्याची पद्धत वाढली, तेव्हा २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की विधीच झाला नसेल तर दाखल्याने हिंदू विवाह निर्माण होत नाही. नोंद हा पुरावा आहे. नवऱ्याने लग्नच नाकारले, तो परदेशी निघून गेला किंवा अकाली वारला, तेव्हा याच कागदाचा आधार बाईला असतो. त्यामुळे नोंद टाळणे हा निष्काळजीपणाच म्हटला पाहिजे.

विशेष विवाह अधिनियम, १९५४ खाली मात्र विवाह अधिकाऱ्यासमोरच घडतो, कोणताही धार्मिक विधी लागत नाही. दोघांपैकी एकाने त्या जिल्ह्यात आधी किमान ३० दिवस राहिलेले असावे लागते. नोटीस लागल्यावर ३० दिवस थांबायचे, मग तीन साक्षीदारांसमोर सह्या. आईवडिलांची नापसंती ही या कायद्यात हरकतच नाही; हरकत फक्त वय, आधीचे लग्न, मानसिक क्षमता आणि नातेसंबंध यांवरच घेता येते.

नात्याचा मुद्दा बडोद्यात विशेष महत्त्वाचा. मराठी घरांत मामेबहिणीशी लग्न अनेक जातींत चालते, शेजारच्या गुजराती कुटुंबाला ते ऐकूनही धक्का बसतो. १९५५ च्या कायद्यात भाऊ-बहिणीच्या मुलांचा विवाह निषिद्ध नात्यांत मोडतो, पण दोन्ही पक्षांच्या रूढीला तो मान्य असेल तर वैध ठरतो. रूढी जुनी, सलग आणि निश्चित असल्याचे सिद्ध करावे लागते, ‘आमच्यात चालते’ एवढ्याने भागत नाही. विशेष विवाह कायद्यात ही सवलत राज्य सरकारने अधिसूचित केलेल्या रूढीपुरतीच आहे. म्हणून मामेबहिणीशी लग्न करणाऱ्यांनी नोंदणी कचेरीची वाट धरण्यापूर्वी वकिलाला विचारावे.

निषिद्ध नात्यातला, सपिंडांतला (ठराविक पिढ्यांच्या आतल्या रक्ताच्या नात्यातला) किंवा पहिला जोडीदार हयात व विवाह कायम असताना केलेला विवाह १९५५ च्या कायद्याच्या कलम ११ नुसार मुळातच शून्य. कलम १२ मधला विवाह शून्यकरणीय, म्हणजे न्यायालयाने रद्द करेपर्यंत तो टिकतो. नपुंसकतेमुळे शरीरसंबंध न होणे, संमतीला अडथळा ठरणारा मानसिक विकार, जबरदस्ती वा फसवणुकीने मिळवलेली संमती, लग्नाच्या वेळी वधू दुसऱ्यापासून गरोदर असणे, ही कारणे. फसवणूक कळल्यापासून किंवा जबरदस्ती संपल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यावरही स्वखुशीने एकत्र राहिल्यास तो हक्क जातो. घरातली वडील मंडळी ‘थोडे दिवस सांभाळून घे’ म्हणतात, त्यात हीच मुदत हातची निघून जाते. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ ने अल्पवयीन पक्षाला सज्ञान झाल्यापासून दोन वर्षांपर्यंत लग्न रद्द करून घेता येते.

स्टँप पेपरवर पंचांसमोर लिहिलेली फारकत, म्हणजे कोर्टाबाहेरचा काडीमोड, जातीच्या रूढीचा पुरावा असेल तरच टिकते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हे पुन्हा सांगितले. अशा कागदाच्या भरवशावर दुसरे लग्न केलेली स्त्री कलम ११ च्या कचाट्यात सापडते. तरी मुलांवर त्याचा डाग येत नाही. कलम १६ ने शून्य विवाहातली अपत्येही औरस मानली आहेत, आणि वडिलांच्या वाट्याला आलेल्या वडिलोपार्जित मिळकतीत त्यांना हिस्सा असल्याचे २०२३ मध्ये ठरले. २०२५ मध्ये न्यायालयाने शून्य विवाहातील जोडीदारालाही कायम पोटगी मागता येते असे म्हटले. माहेरी बडोद्यात परतलेल्या मुलीला अर्जासाठी पुण्या-मुंबईला जावे लागत नाही: २००३ च्या दुरुस्तीनंतर पत्नी अर्जदार असेल तर ती जिथे राहते तिथल्या न्यायालयात दाद मागू शकते.