नळाच्या वॉशरपासून मायक्रोबिटएक्सपर्यंत : हैदराबादच्या एचएफ सिग्नल्सची पार्श्वभूमी

हौशी रेडिओचा (छंद म्हणून बिनतारी संदेश पाठवण्या-ऐकण्याचा) परवाना मिळवण्यासाठी भारतात केंद्रीय दूरसंचार विभागाची परीक्षा द्यावी लागते. मात्र परीक्षा उत्तीर्ण झालेल्या अनेकांची खरी अडचण त्यानंतर सुरू होत असे, कारण जपानी किंवा अमेरिकी बनावटीचा ट्रान्सीव्हर (संदेश पाठवणारे आणि ऐकणारे एकच यंत्र) मागवायचा तर यंत्राची किंमत, आयात शुल्क आणि परवानगीची कागदपत्रे यांचा मेळ विद्यार्थ्याला किंवा साध्या नोकरदाराला घालता येत नसे. घरी संच बांधणे हा पर्याय होता, पण परदेशी मासिकांतील बहुतेक सर्किटांना लागणारे टोरॉइड गाभे (तार गुंडाळण्याची चुंबकीय कडी) आपल्या बाजारात सहज मिळत नसत. एचएफ सिग्नल्स या रेडिओ संच बनवणाऱ्या छोट्या कंपनीची मुळे या टंचाईत आहेत.

हैदराबादचे अश्हर फरहान (संकेतनाम व्हीयू2ईएसई) यांनी 2004 च्या सुमारास बिटएक्स हे सर्किट प्रसिद्ध केले. 14 मेगाहर्ट्झवर एकपार्श्वपट्टी पद्धतीने (म्हणजे एसएसबीने, ज्यात आवाजाच्या संकेताची एकच बाजू पाठवली जाते) बोलण्यासाठी सुमारे 6 वॅट शक्तीचा हा संच होता. बाजारात जे मिळते त्यातूनच तो घडवायचा, ही अट रचनाकाराने स्वतःवर घालून घेतली होती. काही कॉइल चक्क नळाच्या वॉशरवर गुंडाळल्या होत्या, ट्रान्सफॉर्मरसाठी दूरदर्शन संचातील बलून गाभे वापरले होते, आणि गाळणीसाठी (नको त्या वारंवारता अडवणाऱ्या भागासाठी) 10 मेगाहर्ट्झचे स्वस्त क्रिस्टल होते. 4 मेगाहर्ट्झच्या आसपास चालणारा आंदोलक (ठरावीक वारंवारतेचा संकेत निर्माण करणारा भाग) त्या 10 मध्ये मिळवला की 14 होतात, इतका सरळ हिशेब. अशा मालासाठी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारखी बाजारपेठ पुरेशी होती.

नावातील ‘बि’ हा द्विदिश या अर्थी आहे. एरवी ट्रान्सीव्हरमध्ये ऐकण्याचा आणि पाठवण्याचा मार्ग बऱ्याच अंशी वेगळा असतो; येथे मात्र मिश्रक (दोन वारंवारता मिसळणारा भाग) आणि क्रिस्टल गाळणी दोन्ही कामांना तीच राहते, प्रवर्धकांच्या (संकेत वाढवणाऱ्या भागांच्या) जोड्या पाठीला पाठ लावून बसवलेल्या असतात, आणि ज्या बाजूला वीजपुरवठा द्यावा त्या दिशेने संकेत वाहतो. माझ्या मते या रचनेचे खरे मोल स्वस्तपणाहून अधिक या सुबोधतेत आहे, कारण बांधणाऱ्याला प्रत्येक टप्प्याचे काम कळते आणि बिघाड स्वतः शोधता येतो.

तरीही कॉइल गुंडाळणे आणि जुळणारे क्रिस्टल निवडणे नवख्यांना जड जात होते. ती अडचण ओळखून 2016 मध्ये फरहान यांच्या एचएफ सिग्नल्सने बिटएक्स40 हा 7 मेगाहर्ट्झचा, सुमारे 7 वॅटचा, तयार आणि तपासलेला बोर्ड 45 डॉलरला विक्रीस आणला. टोरॉइड गुंडाळण्याचे नाजूक काम स्थानिक महिलांच्या गटाकडे होते. डबा, माइक, स्पीकर आणि जोडणी मात्र ग्राहकानेच करायची होती, त्यामुळे संच बांधल्याचे समाधान त्याच्याकडेच राहिले. सुरुवातीच्या बोर्डांतील अ‍ॅनालॉग आंदोलकाची वारंवारता तापल्यावर सरकत असे. पुढे त्या जागी अर्डुइनो नॅनो हा छोटा नियंत्रक आणि वारंवारता निर्माण करणारी एसआय5351 चिप यांवर आधारलेला ‘रॅडुइनो’ हा डिजिटल आंदोलक जोडला गेला आणि किंमत 59 डॉलर झाली.

डिसेंबर 2017 मध्ये 109 डॉलरला आलेला मायक्रोबिटएक्स 80 ते 10 मीटर तरंगलांबीपर्यंतचे पट्टे हाताळत होता. एवढा मोठा पल्ला एका लहान बोर्डावर आणण्याची किंमतही मोजावी लागली. हौशी तंत्रज्ञांनी मोजमापे घेतली, तेव्हा काही पट्ट्यांवर प्रक्षेपणाबरोबर हार्मोनिक (मूळ वारंवारतेच्या पटीतले) आणि इतर नको असलेले संकेत बाहेर पडत असल्याचे आढळले. सर्किट आणि प्रोग्रॅम सर्वांसाठी खुले असल्यामुळे दोषाचा माग आणि त्यावरचे उपाय वापरणाऱ्यांनीच मोठ्या प्रमाणावर शोधले, आणि कंपनीने पुढील आवृत्त्यांत बोर्डाची रचना बदलली. बंद डब्यातील यंत्राच्या बाबतीत ही दुरुस्ती अशी घडली नसती, असे मला ठामपणे वाटते. त्यानंतरच्या एसबिटएक्समध्ये संकेतप्रक्रियेचे बरेचसे काम रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरील सॉफ्टवेअरकडे गेले, आणि त्याचाही आराखडा व प्रोग्रॅम खुलाच ठेवण्यात आला.