पहिली लांब पल्ल्याची ट्रायथलॉन : सायकलीची आणि सायकलस्वाराची तयारी
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

जळगाव, धुळे, भुसावळ आणि आसपासच्या तालुक्यांतून आमच्या वर्कशॉपमध्ये येणाऱ्या ग्राहकांपैकी बरेच जण आता केवळ सर्व्हिसिंगसाठी येत नाहीत. "नाव नोंदवले आहे, आता सायकलीचे काय करू?" असा प्रश्न घेऊन ते येतात. काउंटरवर उभ्या उभ्या या प्रश्नाचे उत्तर अर्धवटच दिले जाते, म्हणून ते येथे सविस्तर लिहून देत आहोत. आमचा धंदा सायकलीचा असल्याने या पत्रकात सायकलीविषयी जास्त आणि पोहण्या-धावण्याविषयी कमी लिहिलेले आढळेल.

पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनमध्ये ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल आणि ४२.२ किलोमीटर धावणे हे तिन्ही टप्पे एकापाठोपाठ एक, त्याच दिवशी पूर्ण करायचे असतात. अर्ध्या अंतरात हेच आकडे १.९, ९० आणि २१.१ असे होतात. जळगावहून एरंडोल, पारोळामार्गे धुळे सुमारे ९० किलोमीटर आहे. म्हणजे अर्ध्या अंतराचा सायकल टप्पा हा जळगाव ते धुळे एवढा, आणि पूर्ण अंतराचा टप्पा धुळ्याला जाऊन न थांबता परत येण्याएवढा, असे समजावे. परतल्यावर सायकल भिंतीला टेकवून मॅरेथॉन धावायची असते, ही गोष्ट वेगळी.

बहुतेक पूर्ण अंतराच्या स्पर्धांत एकूण मुदत १७ तासांच्या आसपास असते. त्यात पोहण्यासाठी २ तास २० मिनिटे मिळतात आणि सायकलीचा टप्पा सुरुवातीपासून साधारण साडेदहा तासांच्या आत संपवावा लागतो. आपल्या स्पर्धेचे नेमके नियम आयोजकांच्या पुस्तिकेत पाहून घ्यावेत. ज्याने पोहण्याची मुदत शेवटच्या मिनिटापर्यंत वापरली आणि कपडे बदलण्यात दहा मिनिटे घालवली, त्याच्या हाती सायकलीसाठी ८ तास उरतात. त्यासाठी लागणारा सरासरी वेग ताशी २२.५ किलोमीटर होतो. पुढे मॅरेथॉनला साडेसहा तास मिळतात आणि ती झपाझप चालूनही जेमतेम पूर्ण करता येते. मिलिंद सोमण यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर, २०१५ मध्ये, झुरिकची पूर्ण स्पर्धा १५ तास १९ मिनिटांत पूर्ण केली होती. तेव्हा पहिल्या खेपेस १५-१६ तास लागले तर त्यात संकोच वाटण्यासारखे काहीच नाही.

नवी सायकल घ्यावी का?

हा प्रश्न आम्हाला रोज विचारला जातो. दुकानदाराने असे सांगणे विचित्र वाटेल, पण पहिल्या स्पर्धेसाठी आमचे उत्तर बहुतेक वेळा नकारार्थीच असते. आपल्याकडे चांगल्या स्थितीतली साधी रोड बाइक असेल, तर ताशी २२-२५ किलोमीटरच्या वेगासाठी ती पुरेशी आहे. तोच पैसा आधी अंगाला सायकल बसवून घेण्यावर, म्हणजे फिटिंगवर, आणि चांगल्या टायरवर खर्च करावा. हँडलवर कोपर टेकवून वाकून बसण्याचे एअरोबार वाऱ्यात खरोखर उपयोगी पडतात. मात्र ज्यांनी त्यावर किमान दोन महिने सराव केलेला नाही, त्यांची मान आणि कंबर शंभराव्या किलोमीटरच्या आतच तक्रार करू लागते.

फिटिंगची सुरुवात सीटच्या उंचीपासून होते. सीटवर बसून टाच पेडलवर ठेवावी आणि पेडल सर्वांत खाली असताना गुडघा सरळ होतो का ते पाहावे. कंबर एका बाजूला कलंडत असेल तर सीट उंच आहे. ही केवळ ढोबळ चाचणी आहे. लांब फेरीनंतर बोटांना मुंग्या येणे, गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखणे किंवा एकाच बाजूला कातडी सोलली जाणे अशी लक्षणे असतील, तर ती अंगावर काढू नयेत. फिटिंगला येताना नेहमीचे बूट आणि पॅडची चड्डी सोबत आणावी. जीन्स घालून केलेले फिटिंग निरुपयोगी असते. (असे ग्राहक येतात, म्हणून लिहावे लागते.)

गिअरच्या बाबतीत अभिमान बाळगू नये. पुढे ५० आणि ३४ दात्यांच्या दोन चकत्या आणि मागे ३२ किंवा ३४ दात्यांची मोठी चकती असेल, तर फर्दापूरहून अजिंठ्याचा घाट चढतानाही पाय गरागरा फिरते राहतात. जड गिअरवर रेटत सायकल चालवल्याची किंमत पुढे धावताना मोजावी लागते.

सराटे, बाभूळ आणि पंक्चर

खान्देशात सराव करणाऱ्याचा खरा शत्रू चढ नसून काटा आहे. पावसाळा संपला की रस्त्याच्या कडेला सराट्याचे वेल वाळतात आणि त्यांची काटेरी फळे टायरला चिकटून येतात, तर शेतरस्त्यावर बाभळीचा काटा सरळ आत घुसतो. पंक्चर काढताना आमच्याकडे येणाऱ्यांची एक चूक हमखास दिसते. ते नवी ट्यूब टाकतात, हवा भरतात आणि दहा किलोमीटरवर पुन्हा खाली बसतात, कारण मोडलेल्या काट्याचे टोक टायरच्या आत तसेच राहिलेले असते. डोळ्यांना ते दिसत नाही आणि बोटाने शोधताना बोटात घुसते. यावर आमच्या मेकॅनिकची युक्ती अशी आहे : चिमूटभर कापूस घ्यावा आणि टायरच्या आतल्या बाजूने सावकाश फिरवावा, जेथे काट्याचे टोक असेल तेथे कापसाचा तंतू अडकतो. आपल्या भागात कापूस मागावा लागत नाही.

स्पर्धेत बाहेरच्या कोणाची मदत घेणे बहुधा नियमबाह्य असते, त्यामुळे पंक्चर स्वतःच काढता आले पाहिजे. आपल्याजवळ दोन ट्यूब, दोन टायर लिव्हर (टायर उचकटायच्या पट्ट्या), लहान पंप आणि ॲलन कीचा संच असावा. दर रविवारी सकाळी आम्ही वर्कशॉपमध्ये पंक्चर काढण्याचा सराव विनामूल्य करून घेतो. मागचे चाक दहा मिनिटांत काढून, ट्यूब बदलून परत बसवता आले की आम्ही ग्राहकाला "पास" म्हणतो.

हवेविषयी एक बारीक गोष्ट. अनेक स्पर्धांत सायकल आदल्या दिवशी दुपारीच जमा करावी लागते आणि ती उघड्या मैदानात उन्हात उभी राहते. टायर तापला की आतली हवा फुगते. सकाळी गारव्यात ८० पीएसआय भरलेला टायर कडक उन्हात ९० च्या जवळ जाऊ शकतो. म्हणून जमा करताना हवा थोडी कमी ठेवावी आणि स्पर्धेच्या पहाटे पंपाने पूर्ववत भरावी.

शेवटचे चौदा दिवस

आमच्या हातून झालेली एक चूक येथे नमूद करणे योग्य वाटते. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाची सायकल स्पर्धेच्या सहा दिवस आधी सर्व्हिसिंगला आली. चेन झिजलेली होती, म्हणून आम्ही नवी बसवली. कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) जुनीच ठेवली आणि स्टँडवर पेडल फिरवून सायकल सोपवली. स्टँडवर सर्व सुरळीत चालले. प्रत्यक्ष चढावर जोर पडताच नवी चेन जुन्या दात्यांवरून घसरू लागली आणि त्या गृहस्थांना मागच्या दोन चकत्या न वापरता संपूर्ण अंतर कापावे लागले. त्यांनी स्पर्धा पूर्ण केली आणि आमच्यावर राग धरला नाही, पण चूक आमचीच होती. तेव्हापासून स्पर्धेला चौदा दिवसांहून कमी अवधी उरला असेल, तर आम्ही कोणताही नवा भाग बसवत नाही. तुटलेला भाग अर्थातच याला अपवाद आहे.

म्हणून दोन महिने आधी फिटिंग आणि टायर, चेन, कॅसेट यांची बदली करून घ्यावी; तीन आठवडे आधी पूर्ण सर्व्हिसिंग करावे, ज्यात चाकांचा आउट काढणे (वाकडे फिरणारे चाक सरळ करणे), बेअरिंगला ग्रीस भरणे आणि ब्रेक पॅड पाहणे येते; त्यानंतर किमान शंभर किलोमीटर सायकल चालवावी आणि आवाज आला तर लगेच आणावी. उन्हाळ्यात सराव करणाऱ्यांनी हँडलवरची टेप वर्षातून एकदा काढून घ्यावी. घामातले मीठ टेपखाली मुरते आणि हँडल आतून खाऊ लागते, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे.

खाणे, पाणी आणि मीठ

या प्रकारच्या पूर्ण अंतराची पहिली स्पर्धा १८ फेब्रुवारी १९७८ रोजी हवाई बेटांवर झाली. १५ जण निघाले, १२ जणांनी ती पूर्ण केली आणि गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटे ५८ सेकंदांत पहिले आले. दुसरे आलेले जॉन डनबार दुसऱ्या टप्प्यानंतर पुढे होते. परंतु धावताना त्यांच्या सोबतच्या मदतनीसांकडचे पाणी संपले आणि मदतनीसांनी डनबार यांना पाण्याऐवजी बिअर दिली. पायात बळ असूनही नियोजनात माणूस हरतो, याचे एवढे जुने उदाहरण दुसरे सापडणार नाही.

लांब पल्ल्यात ताशी साधारण ६० ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत असे मानले जाते. सवय केलेले खेळाडू त्याहून जास्त पचवतात. मध्यम आकाराच्या केळ्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके असतात. सायकलीवर सव्वासात तास लागणार असतील तर ४३५ ग्रॅम, म्हणजे साधारण सतरा केळी होतात. रावेर-यावलच्या माणसालाही हा हिशेब झेपणार नाही. त्यामुळे केळ्याच्या जोडीला खजूर, राजगिऱ्याचा लाडू, साखर-मिठाचे पाणी किंवा जेल यांची वाटणी आधीच ठरवावी आणि सरावाच्या प्रत्येक लांब फेरीत तीच वापरावी. घड्याळात दर वीस मिनिटांची घंटा लावावी, कारण भूक लागल्यावर खायला सुरुवात केली तर उशीर झालेला असतो.

घामाचे मोजमाप घरी करता येते. तासभर सायकल चालवण्यापूर्वी आणि नंतर अंग पुसून वजन करावे. एक किलो कमी झाले असेल तर साधारण एक लिटर घाम गेला. मध्ये प्यायलेले पाणी त्यात मिळवावे. हिवाळ्याच्या पहाटेचा आणि एप्रिलच्या सकाळचा आकडा यांत मोठा फरक पडेल, म्हणून दोन्ही लिहून ठेवावेत. नुसते पाणी मात्र ढसाढसा पिऊ नये. मीठ न घेता तासन्‌तास पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियम घटते आणि मळमळ, डोकेदुखी, गोंधळलेपणा येतो. हा प्रकार जिवावर बेतू शकतो. सरावात अशी लक्षणे दिसली तर थांबावे आणि डॉक्टरांना गाठावे.

आदल्या रात्री मुगाची खिचडी किंवा साधा वरण-भात उत्तम. शेवभाजी स्पर्धेनंतर.

सरावाची वेळ आणि रस्ता

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा लांब फेरी पहाटे चारला सुरू करून आठपर्यंत संपवावी. पुढे-मागे दिवे आणि परावर्तक जॅकेट असल्याशिवाय महामार्गावर उतरू नये, आणि शक्यतो एकट्याने जाऊ नये. पावसाळ्याच्या सुमारास तापीच्या खोऱ्यात वारा पश्चिमेकडून वाहतो, त्यामुळे जळगावहून धुळ्याकडे जाताना तो तोंडावर येतो. जाताना वेग पडला म्हणून खचून जाऊ नये. स्पर्धेत पुढच्या सायकलीच्या आडोशाने चालवणे निषिद्ध असते आणि साधारण १२ मीटर अंतर राखावे लागते, म्हणून सरावातही काही फेऱ्या वाऱ्याला एकट्याने तोंड देत, पण सोबत्यांच्या नजरेच्या टप्प्यात राहून कराव्यात. सायकलीवरून उतरून लगेच वीस मिनिटे धावण्याची सवय आठवड्यातून एकदा करावी. पहिल्या दोन किलोमीटरमध्ये पाय लाकडासारखे लागतात, हे आधीच माहीत असलेले बरे.

पोहण्याविषयी एवढेच सांगू की विहिरीत पोहायला शिकलेल्यांना पाण्याची भीती नसते, पण सरळ रेषेत पोहण्याची सवयही नसते. नैसर्गिक तलावात पोहण्याच्या टाकीसारख्या पाण्याखाली रेषा नसतात, त्यामुळे दर आठ-दहा हातांनी मान वर काढून दिशा पाहावी लागते. धरणाच्या पाण्यात परवानगीशिवाय आणि सोबतीशिवाय उतरू नये.

प्रवास आणि परतल्यानंतर

सायकल खोक्यात भरण्यासाठी आमच्याकडे कडक कव्हरची पेटी भाड्याने मिळते. स्पर्धेच्या हंगामात ती महिनाभर आधी सांगून ठेवावी. स्वतः भरणार असाल तर सीटच्या दांड्यावर टेपने खूण करावी, मागचा डिरेलर (गिअर बदलणारा भाग) सोडवून कापडात गुंडाळावा आणि पेडल काढताना डाव्या पेडलची आटी उलटी असते हे लक्षात ठेवावे. पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाच्या दिशेने ओढला की दोन्ही पेडले सुटतात. टायरमध्ये हवा भरण्याचे गॅसचे छोटे सिलिंडर विमानात नेता येतील का, हे विमान कंपनीला आधी विचारावे.

हेल्मेटचा पट्टा लावल्याशिवाय स्पर्धेत सायकलीला हात लावू नये. त्यावर दंड होतो. घरी दाराबाहेर सायकल काढतानाही हाच क्रम ठेवला तर त्या दिवशी विसर पडत नाही.

स्पर्धा समुद्रकिनारी झाली असेल तर परतल्यावर सायकल पेटीत ठेवून देऊ नये. खाऱ्या हवेने आणि सांडलेल्या गोड पाण्याने चेन व बोल्ट आठवडाभरात गंजू लागतात. ओल्या फडक्याने पुसून, चेनला तेल देऊन सात दिवसांच्या आत वर्कशॉपमध्ये आणावी. या तपासणीचे पैसे आम्ही घेत नाही. येताना पदक सोबत आणल्यास आमच्या मेकॅनिकला ते पाहायला आवडते.